मुक्काम कौसानी

प्रवासास निघणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील मंडळी आठ दिवसांत नऊ गावे उरकतात. घरी परतल्यावर कोणते देऊळ कोणत्या गावी पाहिले याविषयी नवराबायकोत मतभेद होतो, व तो मुलांनी काढलेल्या छायाचित्रांवरून मिटवावा लागतो. दुसऱ्या वर्गातील मंडळी एकाच ठिकाणी बिऱ्हाड टाकतात, आणि तेथील दुकानदार, कुत्री व पायवाटा ओळखीच्या झाल्यावर मगच परततात. हा दुसरा वर्ग आधीच अल्पसंख्य, व दिवसेंदिवस अधिकच अल्प होत चाललेला. त्याची बाजू कोणीतरी मांडावी, एवढ्याकरिता हिमालयातील कौसानी या लहानशा गावाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

हिमालयाचे नाव निघाले की आपल्या घरांतून वडील माणसांच्या मनात बदरीकेदार येते, व तरुणांच्या मनात मसुरी किंवा नैनिताल. केदारनाथाची उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक. सत्तरीच्या माणसाने तेथे जावयाचे तर वैद्याचा सल्ला व दैवाची साथ दोन्ही हवीत. नैनितालास सरोवराकाठी माणसांचीच इतकी दाटी असते की, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील मनुष्यास घर सोडल्यासारखे वाटू नये. कौसानी या दोहोंच्या मध्ये आहे. उंची सुमारे सहा हजार फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून दीड हजार फूट अधिक. गुडघे कुरकुरत असले तरी श्वास कुरकुरत नाही, आणि बाकावर बसल्या जागी हिमशिखरांची रांग समोर येते.

आमच्या घरी हिमालयाचा विषय माझ्या थोरल्या बंधूंपासूनचा. त्यांची सारी हयात सरकारी हिशेबखात्यात गेली. शाळेत असताना 'कुमारसंभवा'चा पहिला सर्ग त्यांनी मुखोद्गत केला होता, आणि ज्या पर्वताच्या वर्णनाने कालिदास काव्यास आरंभ करतो, तो एकदा डोळ्यांनी पाहावा, ही त्यांची एकच हौस. सेवानिवृत्तीनंतर जाऊ असे प्रथम ठरले. मग धाकट्या मुलीचे लग्न होऊ दे, मग डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊ दे, मग पावसाळा जाऊ दे. दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात दादा गेले. त्यांच्या टिपणवहीत काठगोदामच्या गाड्यांच्या वेळा तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलेल्या सापडल्या. खाली त्यांच्या हिशेबी अक्षरात शिखरांची यादी होती: त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली, आणि प्रत्येकापुढे खुणेकरिता जागा मोकळी सोडलेली.

पुतण्याने यंदा कार्तिकात जाण्याचे काढले तेव्हा वहिनींनी प्रथम साफ नकार दिला. "भाऊजी, ज्यांना जायचे होते ते गेले. मी तेथे जाऊन काय करू?" असे त्या मला म्हणाल्या. मी उत्तर दिले नाही. वही तेवढी त्यांच्यापुढे ठेवली. आठ दिवसांनी त्यांनी सूनबाईंना लोकरीचे कपडे उन्हात घालावयास सांगितले.

वाट सोपी आहे. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने पहाटे काठगोदाम गाठावे. लोहमार्ग येथवर १८८४ साली आला, व पुढे डोंगर उभा असल्यामुळे आजही येथेच संपतो. पुढे मोटारीने भवाली, गरमपाणी, अल्मोडा व सोमेश्वर या मार्गाने सावकाश जावे. वळणे पुष्कळ आहेत. ज्यांस मळमळते त्यांनी पोटभर खाऊ नये, पुढच्या आसनावर बसावे व लिंबू जवळ ठेवावे. अल्मोड्यास अर्धा तास थांबून तेथील प्रसिद्ध बालमिठाई घ्यावी. मुले निदान तासभर गप्प बसतात.

भूगोल शिकविण्याची सवय सुटत नाही, म्हणून सांगतो. कौसानी ज्या डोंगराच्या धारेवर वसले आहे, ती एक जलविभाजक रेषा आहे. दक्षिणेस सोमेश्वराच्या खोऱ्यात कोसी वाहते. ती रामगंगेस मिळते व रामगंगा गंगेस. उत्तरेस कत्यूर खोऱ्यात गोमती आहे. ही लखनौची गोमती नव्हे. ही बागेश्वरास सरयूला मिळते, सरयू कालीला, आणि ते पाणी शारदा, घाघरा अशी नावे बदलीत अखेर गंगेतच येते. एका धारेवर पडलेल्या पावसाचे दोन थेंब असे शेकडो कोस वेगळे फिरून पुन्हा एका पात्रात येतात. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "वाटण्या झालेल्या भावांसारखेच की हो!" भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात इतके नेमके वाक्य मला आढळले नव्हते.

आम्ही पोचलो त्या दिवशी व दुसऱ्याही दिवशी समोर ढगांची पांढरी भिंत उभी होती. एरवी आश्विन-कार्तिकात आकाश बहुधा स्वच्छ असते. परंतु पर्वत काही आपल्या रजेचा हिशेब ठेवीत नाही. पुतण्याच्या धाकट्या चिरंजीवांनी, डोंगर दिसला नाही तर पैसे परत मिळतात काय, अशी चौकशी केली. पुतण्याही कंटाळला व "काका, उद्या नैनितालास हलू या काय?" असे विचारू लागला. मी काही बोलणार तोच वहिनी म्हणाल्या, "त्यांनी चाळीस वर्षे वाट पाहिली. मला चार दिवस पाहू द्या." प्रश्न मिटला, आणि डोंगर न दिसल्यामुळेच आम्हांस गाव दिसले.

प्रथम अनासक्ती आश्रम. १९२९ सालच्या जून महिन्यात गांधीजी कुमाऊँच्या दौऱ्यात असताना येथे, एका चहाच्या मळ्याच्या विश्रामगृहात उतरले. भगवद्गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची, 'अनासक्तियोगा'ची, प्रस्तावना त्यांनी याच मुक्कामी पुरी केली. तिच्याखाली २४ जून १९२९ ही तारीख आहे. पुस्तक १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. आपल्या घरांतून ज्ञानेश्वरीखालोखाल लोकमान्यांचे 'गीतारहस्य' असते. ते मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, आणि ही प्रस्तावना हिमशिखरांसमोर. एका ग्रंथाच्या वाट्यास भिंत आली व दुसऱ्याच्या वाट्यास क्षितिज. तरी दोघांनीही त्यातून कर्मच शिकविले, याचा विचार करीत मी त्या ओसरीवर बराच वेळ बसलो होतो.

याच गावी १९०० साली सुमित्रानंदन पंत जन्मले. जन्मानंतर काही तासांतच त्यांची आई वारली. निसर्गाचे कवी म्हणून त्यांची ख्याती झाली, आणि ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले ते हिंदीतील पहिले साहित्यिक. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. कुमाऊँतील पंत घराणी आपला मूळपुरुष महाराष्ट्रातून आल्याचे परंपरेने सांगतात. सोयरीक जुळविण्याइतका पुरावा त्यात नसला, तरी अनोळखी गावी गप्पा सुरू करावयास तेवढे पुरते.

आणखी एक नाव येथे आदराने घेतले पाहिजे. कॅथरीन हाइलमन ही इंग्लंडात जन्मलेली बाई १९३२ साली हिंदुस्थानात आली, काही वर्षे सेवाग्रामास नयी तालीमच्या कामात राहिली, व पुढे कुमाऊँत येऊन सरलाबेन झाली. १९४२च्या चळवळीत तिने कारावास भोगला. १९४६ साली तिने डोंगरी मुलींकरिता कौसानीस लक्ष्मी आश्रम काढला. ज्या मुलींचा दिवस गवत कापण्यात व पाणी वाहण्यात जाई, त्यांस तिने हाताचे काम व पुस्तक एकत्र शिकविले; पुढे जंगल राखण्याच्या चळवळींस तेथूनच कार्यकर्त्या मिळाल्या. चाळीस वर्षे खडू धरलेल्या माझ्यासारख्याने येथे मस्तक लववावे, हेच उचित.

दुसऱ्या दिवशी दुपारी चीडवृक्षांच्या रानातून आम्ही जवळच्या एका वस्तीपर्यंत फिरत गेलो. तेथे मी बाखली प्रथम पाहिली. कुमाऊँत भाऊबंदांची घरे एकास एक लागून एका ओळीत बांधीत. भिंती सामाईक, पुढील अंगण सामाईक, वर पाथरांचे एकच लांब छप्पर. खाली गुरांचा गोठा, वर माणसांचा वास, दारांच्या चौकटींवर सुरेख कोरीव काम. तिलाच बाखली म्हणतात. आपल्या वाड्याचेच हे आडवे पसरलेले रूप. या बाखलीस सात दारे होती. पाचांना कुलपे होती, आणि त्यांपैकी दोन कुलपे इतकी गंजलेली की, किल्ली सापडली तरी फिरणार नाही.

सहाव्या दारात एक वृद्धा गहत निवडीत बसली होती. तिकडे आजीस आमा म्हणतात. गहत म्हणजे आपले कुळीथ. वहिनी जवळ बसल्या व न सांगता निवडू लागल्या. वहिनींचे हिंदी व आमांचे हिंदी सारखेच अपुरे असल्यामुळे संभाषण उत्तम चालले. दोन मुलगे दिल्लीस, सून तिकडेच, नातवंडे इंग्रजी शाळेत. कुलपे लावून गेलेले परत येतात काय, असे वहिनींनी विचारले. कुलदैवताच्या जागराला येतात, असे आमांनी सांगितले. तेव्हा सातही दारे उघडतात व अंगणात पाय ठेवावयास जागा उरत नाही. मग आठ दिवसांनी पुन्हा कुलपे.

हे एका बाखलीचे चित्र नव्हे. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा व पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. उत्तराखंड शासनाने २०१७ साली स्थलांतराचा विचार करण्याकरिता आयोग नेमला. २०११ नंतर ७३४ गावे-वस्त्या पूर्ण ओस पडल्याचे त्याच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे. गाव सोडणाऱ्यांपैकी निम्मे रोजगारासाठी गेले, सुमारे पंधरा टक्के शिक्षणासाठी, व काही दवाखाना नाही म्हणून. या मुलांस दोष देण्याचा अधिकार निदान मला नाही. मुलाने शिकून मोठ्या गावी जावे, याकरिताच आम्ही मास्तर मंडळींनी त्यांच्या वह्या तपासल्या. परंतु माझ्या वाचकांपैकी कितीकांचे कोकणातील घर याच स्थितीत असेल, ते त्यांचे त्यांनी मनाशी मोजावे. गणपतीस दारे उघडतात, मग कुलूप. घर विकावे की राखावे हा वाद आमच्याही कुटुंबात तीन वर्षे चालू आहे. त्या संध्याकाळी परतताना पुतण्या बराच वेळ मुकाट चालला होता, व मग म्हणाला, "काका, कौले तरी या उन्हाळ्यात परतून घेऊ या." विक्रीचा निर्णय अद्याप झालेला नाही, परंतु कौलांचे पैसे त्याने पाठविले आहेत.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचास सूनबाईंनी सर्वांस उठविले. ढग खाली खोऱ्यात उतरून बसले होते व वर आकाश निखळ होते. समोर त्रिशूळ, ७,१२० मीटर. त्याच्या उजव्या अंगास नंदादेवी, ७,८१६ मीटर. आणखी पूर्वेस पंचचुली. प्रथम टोके तांबूस झाली, मग सोनेरी, आणि सूर्य वर येताच सारे शुभ्र. नंदादेवीवर १९३६ साली टिलमन व ओडेल हे दोघे प्रथम चढले. १९८३ पासून गिर्यारोहकांस तेथे मज्जाव आहे. तिकडील लोक मात्र तिला शिखर असे समजतच नाहीत. ती त्यांची माहेरवाशीण. भाद्रपदातील नंदाष्टमीस अल्मोड्यात तिचा मेळा भरतो, म्हणजे आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमारास. हे मी सांगत असता वहिनींनी कनवटीची वही काढली, नातवाकडून पेन मागून घेतले व यादीतील तीनही नावांपुढे, दादा हिशेब जुळल्यावर करीत तशीच, बारीकशी खूण केली. मग चहा थंड होतो आहे म्हणून मुलांस रागावल्या.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात दरडी कोसळतात, आणि वैशाख-ज्येष्ठात धुरकट हवेमुळे व वणव्यांमुळे शिखरे बहुधा झाकलेली असतात. निदान चार रात्री राहावे. एका रात्रीवर भरवसा ठेवून गेलेला मनुष्य अनेकदा ढगच पाहून येतो. गोमतीकाठी बैजनाथास कत्यूरी राजांच्या काळची दगडी मंदिरे आहेत. मोटारीने तासाभरात तेथे पोचता येते, व पार्वतीची मूर्ती आवर्जून पाहावी. मंडुव्याची भाकरी मागून घ्यावी. ती आपली नाचणीच, वडील माणसांस मानवते. पाणी जपून वापरावे, कारण त्या डोंगरांतील झरे आटत चालले आहेत व बायकांस ते दुरून आणावे लागते. आश्रमात उतरणारांनी तेथील नियम पाळावेत व सायंप्रार्थनेस बसावे.

शेवटची सूचना तरुण वाचकांस. आपल्या घरातील वडील माणसांपैकी कोणाच्या वहीत, कपाटात अथवा बोलण्यात एखाद्या दूरच्या गावाचे नाव वारंवार येते, ते आज रात्री जेवताना विचारून पाहा. नाव कळले की तिकिटे त्यांच्या गुडघ्यांची स्थिती पाहून काढा, आपल्या सोयीची रजा पाहून नव्हे.