आवड मोठी, पण गणतीत नाही
मालिका आणि मांगाच्या चाहत्यांत छोट्या गावांतल्या मराठी प्रेक्षकाचे स्थान कोणते?

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्याची रांग उभी आहे. हीच रांग पूर्वेकडे सरकत मध्य प्रदेशातील सिवनीच्या परिसरापर्यंत जाते आणि रुडयार्ड किपलिंगचा मोगली वाढला तो याच सिवनीच्या जंगलात. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' दिसू लागले, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या घराघरांत मुले संचासमोर बसत. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. आपल्याच डोंगराचा हा मोगली निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने चितारला आहे, याची कल्पना त्या वेळी फारच थोड्यांना होती. जपानी चित्रशैलीशी अनेक मराठी घरांची पहिली गाठ अशी नकळत पडली.

त्यानंतर 2005 पासून 'हंगामा' वाहिनीवर 'डोरेमॉन' आले, पाठोपाठ 'शिनचॅन' आले. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा-पुस्तके, पाहिलेली नसतानाही नोबिता आणि डोराकेक मुलांच्या बोलण्यात रुळले. ती पिढी आता तिशीकडे झुकली असून 'नारुतो', 'वन पीस', 'डेमन स्लेअर' ही तिची पुढची पायरी आहे. एकाच घरात आई आणि आजी संध्याकाळच्या मालिकेची वाट पाहतात, तर मुलगा मोबाइलवर मांगाचे नवे प्रकरण येण्याचा दिवस मोजतो. दोन्ही आवडींचे स्वरूप सारखेच आहे. कथा आठवड्यांमागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालते, पात्रे घरातली होतात आणि पुढे काय होणार याची चर्चा जेवणाच्या ताटावर रंगते. आजीच्या उत्साहाला घरात मान मिळतो आणि नातवाच्या उत्साहाला 'वेळ वाया घालवणे' म्हटले जाते, इतकाच काय तो फरक.

हा उत्साह आहे की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. तो मोजला कोणी आणि मोजल्यानंतर काय बदलले, हा खरा प्रश्न आहे.

मालिकांच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, तिचीच पुढे 2005 मध्ये झी मराठी झाली. 'आभाळमाया', 'वादळवाट', 'अवघाचि संसार' या मालिका गाजल्या, विदर्भातही त्या मनापासून पाहिल्या गेल्या. मात्र त्यांतली घरे आणि भाषा बहुतांशी मुंबई-पुण्याकडची. याच दशकात ग्रामीण महाराष्ट्र दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसत होता. हुकलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रसारणात गाठायचा, हा अनेक घरांचा शिरस्ता होता. इतकी धडपड करूनही या प्रेक्षकाची नोंद कुठे होत नव्हती, कारण टॅम या संस्थेची प्रेक्षकमोजणी शहरांपुरती होती आणि खेडी तिच्या कक्षेत नव्हतीच. जाहिरातदाराच्या लेखी ज्याची गणती नाही, तो प्रेक्षक वाहिनीच्या लेखीही जवळपास नसतो.

बार्क या नव्या यंत्रणेने ऑक्टोबर 2015 मध्ये ग्रामीण भारताचे आकडे द्यायला सुरुवात केली. पुढच्या दोन वर्षांत 'रात्रीस खेळ चाले' कोकणातून, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरातून आणि 'लागिरं झालं जी' साताऱ्याच्या बाजूने पडद्यावर आले. हा सगळा बदल केवळ मोजणीमुळे झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. 'जय मल्हार' 2014 मध्येच आली होती आणि 'चला हवा येऊ द्या'मध्ये अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी ठसक्याला त्याआधीच टाळ्या मिळवून दिल्या होत्या. तरीही खेड्यांचे आकडे हाती आल्यावर निर्मात्यांचे धाडस वाढले, हे नाकारता येणार नाही.

विदर्भासाठी यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको'. मुंबईत राहणारी, नवऱ्याला गावंढळ वाटणारी राधिका ही नागपूरकडची. तिची बोली आधी घरातच थट्टेचा विषय होते आणि पुढे तीच तिची ओळख ठरते. मालिका मार्च 2021 पर्यंत चालली आणि अनेक आठवडे लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी राहिली. राधिका साकारणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या कानाला त्यांची बोली नागपुरी वाटते, अस्सल वऱ्हाडी नव्हे आणि घाटाखालच्या माणसाला तर घाटावरची बोलीसुद्धा वेगळी ऐकू येते. ही कुरकुर रास्त आहे. पण कुरकुर करायला आधी बोली पडद्यावर यावी लागते आणि ती आली.

मांगाच्या चाहत्याला मात्र ही पहिली पायरीही मिळालेली नाही. जपानी प्रकाशक शुएशाने जानेवारी 2019 मध्ये 'मांगा प्लस' हे ॲप सुरू केले. जपानमध्ये नवे प्रकरण निघते त्याच वेळी ते जगभर वाचायला मिळू लागले. इंग्रजी आणि स्पॅनिशने सुरुवात झाली, पुढे थाई, इंडोनेशियन, व्हिएतनामी भाषांची भर पडली. भारतीय भाषेला मात्र त्यात स्थान मिळालेले नाही. छापील पुस्तक घ्यावे तर तेही इंग्रजीत, एक खंड साधारण चारशे-पाचशे रुपयांचा. 'डेमन स्लेअर' 23 खंडांत संपते, म्हणजे नऊ हजारांहून अधिक खर्च. 'वन पीस' 1997 पासून चालू आहे आणि तिच्या खंडांची शंभरी 2021 मध्येच उलटली. इतके पैसे तालुक्याच्या ठिकाणचा महाविद्यालयीन विद्यार्थी कुठून आणणार? मग तो अनधिकृत संकेतस्थळांकडे वळतो. तिथे चाहत्यांनीच पाने स्कॅन करून, कच्चे-पक्के इंग्रजी भरून टाकलेली असतात. हे बेकायदा आहे, चित्रकाराच्या पोटावर पाय आणणारे आहे, पण दुकान बंद ठेवून चोरीची तक्रार करण्यातही फारसा अर्थ नाही.

मराठीत चित्रकथांची परंपराच नाही, असा युक्तिवाद येथे टिकणारा नाही. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठी बोलत असे, 'चांदोबा' पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. ती दोन्ही प्रकाशने बंद पडली आणि मागे पोकळी राहिली. अनुवादाच्या बाबतीत तर मराठी वाचक मुळीच मागे नाही. हॅरी पॉटरही मराठीत आलाच. मांगाची अडचण वेगळी आहे. पाने उजवीकडून डावीकडे चालतात. ध्वनिवाचक शब्द चित्रातच रेखाटलेले असतात, ते पुसून नव्याने काढावे लागतात. शिवाय एक खंड काढून थांबता येत नाही, वीस-पंचवीस खंडांची बांधिलकी घ्यावी लागते. हजार-दोन हजारांची आवृत्ती काढणारा प्रकाशक तेथेच कचरतो. गंमत अशी, की भाषा म्हणून मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही. जपानी चित्रकार निःशब्द शांततेसाठीसुद्धा चित्रात 'शीन' असा नाद लिहितो. धाडकन, सळसळ, चिडीचूप, शुकशुकाट असे शब्द पदरी बाळगणाऱ्या भाषेला हे काम अवघड नाही.

ॲनिमेच्या पडद्यावर गणतीचा परिणाम आधीच दिसून गेला आहे. माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात यावा यासाठी हजारो चाहत्यांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तो येथे प्रदर्शित झाला. एप्रिल 2023 मध्ये 'सुझुमे' हिंदीतही आला. 12 सप्टेंबर 2025 रोजी 'डेमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल' प्रदर्शित झाला, तेव्हा जपानी आणि इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवृत्त्या होत्या. क्रंचीरोल या ॲनिमेच्या प्रमुख मंचानेही भारतात भर दिला तो याच तीन भाषांवर. मुलांच्या काही वाहिन्यांनी मराठी ध्वनिपट्टी दिली आहे, पण कुमार आणि तरुणांच्या कथांपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

मराठी का नाही, याचे व्यापारी उत्तर ठरलेले आहे: महाराष्ट्राला हिंदी कळते. ते खोटे नाही. मध्य प्रदेशची सीमा हाकेच्या अंतरावर असलेल्या जळगाव जामोदला तर हिंदी अधिकच सवयीची आहे. मात्र या उत्तरातच पेच आहे. तेथला मुलगा मराठी आवृत्ती नसल्याने हिंदी पाहतो आणि त्याने हिंदी पाहिली, ही नोंद हिंदीच्या खात्यात जमा होते. पुढच्या वर्षी भाषा निवडताना त्याच खात्याकडे बोट दाखवले जाते. इंग्रजी पाने स्कॅन करून वाचणारा त्याचा मित्र तर कोणत्याच खात्यात येत नाही.