दुधाचे दात आणि आईचे तोंड

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच की!’ आमच्या मुळशी तालुक्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो. मूल आणलेले असते ‘जेवत नाही, टॉनिक द्या’ म्हणून. ओठ उचलून पाहावे तर वरचे पुढचे चारही दात काळे पडून झिजलेले. चावताना दुखते म्हणून ते जेवत नाही. टॉनिक काय करणार?

दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. अकाली गेल्या तर मागाहून येणारे दात वेडेवाकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून तीही दुधाची समजली जाते आणि किडते.

दात किडवणारे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. ते बहुधा आईच्या लाळेतून येतात. घास चावून भरवला, चमचा आधी स्वतःच्या तोंडात घातला, की झाले. आईच्या दाढा किडलेल्या असतील तर धोका जास्त. मात्र जंतूंना साखर लागते, आणि ती साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवले की रात्रभर मिळते. झोपेत लाळही कमी सुटते. या भीतीने अंगावरचे दूध मात्र तोडू नये.

एवढे सांगूनही सगळा दोष आईच्या माथी मारणे मला पटत नाही. बिस्किटाचा पुडा बाप आणतो, चहात बुडवून आजी भरवते. आई पहाटे उठून पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला गेलेली असते. तिच्या दातांची चौकशी कोण करतो? गरोदरपणी रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन सारे पाहतात, तोंड क्वचितच. ‘पोटुशीने दाताला हात लावू नये’ म्हणून दुखरी दाढ नऊ महिने तशीच राहते आणि ठणका मारायला मिश्री लावली जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, पोटातल्या बाळाचे वजनही घटते. वास्तविक चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचे उपचार निर्धोकपणे करता येतात. बाळाचे दात वाचवायचे तर सुरुवात तिथून करावी.

पहिला दात दिसताच मऊ ब्रश घ्यावा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसानेच घासून द्यावेत. बापाला तेवढे जमायला हरकत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात समजावी. तेव्हा ती थांबवता येते. खड्डा पडल्यावर दात भरावाच लागतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि दातही पाहते. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.