स्विच नाही, रेग्युलेटर!

आमच्या उमरेडला कावीळ म्हटली की झाडपाल्याच्या औषधाचे पत्ते लगेच मिळतात. शहरात त्याचंच इंग्रजी नाव ‘लिव्हर डिटॉक्स’. दोन्हीमागे कल्पना एकच : लिव्हरला सूज म्हणजे आत घाण, ती धुतली की काम फत्ते. मला ही कल्पनाच पटत नाही. सूज ही स्विच दाबून बंद करायची गोष्ट नाही, ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे. आणि तो फिरवणाऱ्या हातांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए.

हे काय प्रकरण आहे? पेशीत डीएनएवरून निरोप निघतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची चिठ्ठी. ती निरोपाला चिकटते आणि प्रथिन बनणं कमी होतं. अँब्रोस आणि रव्हकन यांना ही चिठ्ठी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडली, नोबेल मिळालं २०२४ मध्ये!

लिव्हरमधल्या मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के एकटा १२२ नंबरचा असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांमधून तो काढून टाकला, तर लिव्हरमध्ये चरबी साठली, सूज आली, पुढे कॅन्सरही झाला. सूज आणणाऱ्या पेशींना बोलावणारं सीसीएल-२ नावाचं प्रथिन तो दाबून ठेवतो. उलट १५५ नंबरचा. उंदरांना दारू पाजली की लिव्हरमधल्या कुप्फर पेशींत तो वाढतो आणि सूज भडकवतो.

म्हणजे १२२ हीरो आणि १५५ व्हिलन? थांबा. हेपॅटायटिस सी चा विषाणू वाढायला हाच १२२ वापरतो, हे २००५ मध्ये कळलं. २०१८ मध्ये पुण्याच्या एनआयव्हीतल्या संशोधकांनी दाखवलं की हेपॅटायटिस ई च्या विषाणूलाही त्याची मदत होते. हा ई म्हणजे दूषित पाण्यातून येणारी कावीळ. १९८१ मध्ये कोल्हापुरात, २०१२ मध्ये इचलकरंजीत तिची साथ आली होती. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरू शकते.

आता सांगा, १२२ बंद करायचा की चालू ठेवायचा? सी साठी त्याला बांधून ठेवणारं मिराविरसेन नावाचं औषध निघालं, २०१३ च्या चाचणीत विषाणू कमीही झाला. पण नंतर थेट विषाणूवर मारा करणाऱ्या गोळ्या आल्या आणि आज बहुतेक रुग्ण त्यांनीच बरे होतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. शंभर ठिकाणांहून कॉल होणारं फंक्शन एका बगसाठी बदलायचं नसतं.

म्हणून डिटॉक्सची पावडर विकणाऱ्याला एकच विचारा : कुठला रेग्युलेटर, किती फिरवणार? आणि हेपॅटायटिस ई पुरतं बोलायचं तर पहिला उपाय रेणूत नाहीच, नळात आहे. पाण्याच्या पाइपात गटार मिसळू नये, हे नगरपालिकेचं काम. आपलं काम एवढंच, की घरातल्या गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याचा पत्ता शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.