घरच्या आठवणी आणि घरचे संपादक

हल्लीं सुशिक्षित घरांतून वडील माणसांच्या आठवणी उतरून घेण्याची टूम निघाली आहे. टूम चांगली, आमची तक्रार आहे ती उतरून घेणारांविषयीं. आमच्या कळवणांतील एक आजीबाई मुलाकडे परदेशीं दोन वर्षें राहून आल्या. नातवानें त्यांच्या आठवणींची वही आम्हांस अभिमानानें दाखविली. वहींत विमान होतें, बर्फ होतें. बोलावयास माणूस नाहीं म्हणून बंद घरांत मोठ्यानें म्हटलेल्या ओव्या मात्र नव्हत्या. शिवाय आजीबाई बोलतात अहिराणी; वहींतल्या आजीबाई पाठ्यपुस्तकांतली मराठी! विचारलें, तर म्हणे, ‘सर, तें छापण्यासारखें नाहीं.’

छापण्यासारखें काय, हें ठरविणारे हे कोण? वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून पुढें त्यांनीं तें सारें लिहिलें, आणि १९०७ सालीं वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ छापला. हे त्यांचे उपकारच. पण छापतांना त्यांनींही कात्री चालविली. भटजींचा मूळ मजकूर वाचकांस मिळाला तो दत्तो वामन पोतदारांमुळें, १९६६ सालीं! तोही हस्तलिखित शिल्लक होतें म्हणून.

आजीबाईंचें हस्तलिखित कोठें आहे? खिशांतल्या फोनवर आवाज उतरून घेण्यास आज पैही पडत नाहीं. तो आवाज न कापतां ठेवा. मग वही हवी तशी सजवा.