घर सापडत नाही

परवा शनिवारी मावशीकडे गेलो होतो, वरळीच्या बीडीडी चाळीत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मावशीचा नंबर अजून लागायचाय. तर या खोलीत कपाटाला खेटून एक डेस्कटॉप आहे आणि त्यावर मावसभावाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. सोमवारी डेमो, आणि मोबाइलचा एमुलेटर काही केल्या सुरू होईना.

"दादा, नवीन लॅपटॉपच घ्यावा लागणार बहुतेक." कॉलेजातल्या मित्रांनी हेच सांगितलेलं. (खरं सांगायचं तर फोनवर मीही हेच म्हणालो होतो. सल्ला द्यायला आपलं काय जातं!) मावशीने भिशीची वही काढली, तेव्हा मात्र मी मुकाट्याने खुर्ची ओढली.

नेहमीचं सगळं पाहिलं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू होतं. डिस्कवर भरपूर जागा होती. दोनदा काढून परत टाकून झालेलं. खरा फोन जोडायचा तर प्रोजेक्ट टॅब्लेटसाठीचा, आणि टॅब्लेट कोणाकडे आहे? शेवटी एमुलेटर कमांड लाइनवरून चालवला, सगळा लॉग दाखव म्हणून. तो एका फोल्डरचा पत्ता शोधत होता: सी, युजर्स, मग दोन प्रश्नचिन्हं.

आधी वाटलं, त्या काळ्या खिडकीलाच मराठी दिसत नसेल. मग विचारलं, "अकाउंटचं नाव काय रे?"

"घर. आईने ठेवलंय. सगळ्यांचा कॉम्प्युटर ना!"

तर मंडळी, गोची इथे होती. विंडोजवर जुन्या वळणाचे प्रोग्राम फाइलचा पत्ता युनिकोडऐवजी कोड पेजमधून वाचतात. रशियनला १२५१ नंबरचं कोड पेज आहे, थाईला ८७४. देवनागरीसाठी सिस्टिमला लावता येईल असं कोड पेजच नाही; तिथे आपली भाषा फक्त युनिकोडमध्ये नांदते. म्हणजे रशियन माणसाचं नाव त्याच्या मशीनवर निभावून जाऊ शकतं, आपलं नाही. 'घ' गेला, 'र' गेला, उरली दोन प्रश्नचिन्हं. आणि गंमत म्हणजे विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही! तो पत्ता जन्मात सापडणार नव्हता.

एमुलेटरचा फोल्डर थेट सी ड्राइव्हवर, रोमन नावाने हलवला, एका व्हेरिएबलमध्ये नवा पत्ता दिला. टॅब्लेट उजळला. मावशीने वही मिटली आणि चहा टाकला.

आता यावर सगळे म्हणतील, "अकाउंटचं नाव इंग्रजीत ठेवायचं ना!" मला हे बिलकुल पटत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोजने मावशीला ते नाव ठेवू दिलं, मशीन सुरू करताना ते झोकात दिसतं. मावशीची चूक शून्य. आणि दरवेळी "इंग्रजीत ठेव" म्हणत राहिलं तर ही चूक कोणाच्या लक्षात तरी येईल का?

दोष परदेशातल्या कोणावर टाकून मोकळं व्हावं, असंही वाटलं होतं. पण पुण्या-मुंबईत इतके मराठी इंजिनियर रोज टेस्टिंग करतात, आणि टेस्टचा युजर कोण? टेस्ट१. फार तर एबीसी. स्वतःच्या आईचं नाव तिच्या लिपीत टाकून बघायला अर्धं मिनिट लागत नाही.

सोमवारी ऑफिसात तेच केलं. आमच्या प्रॉडक्टच्या नावाच्या रकान्यात मावशीचं नाव देवनागरीत टाकलं. उत्तर आलं: कृपया वैध नाव लिहा. कोड उघडला. ए ते झेडच चालतील अशी ओळ होती, तीन वर्षांपूर्वीची. लिहिणाऱ्याच्या जागी माझंच नाव.

बग माझ्याच नावावर टाकलाय. भावाचा डेमो मात्र झकास झाला म्हणे.