रीत लिहिली नाही, तर मार्क नाहीत



दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात आपल्या मंडळातल्या दोन-तीन मुलांनी मला विचारलं होतं, "ताई, सीनियर इंजिनिअरच्या मुलाखतीत वेगळं काय विचारतात?" मी तेव्हा हसून विषय बदलला. कारण त्याच आठवड्यात मी एका मुलाखतीत आपटले होते. आता सांगायला हरकत नाही.

बारा वर्षं एका मोठ्या कंपनीत काढल्यावर स्टार्टअपमध्ये जायचं ठरवलं. काचीगुड्याहून निघून, अमीरपेठला मेट्रो बदलून हायटेक सिटीत पोचले. कोडिंगची फेरी ठीक झाली. मग सिस्टिम डिझाइन. लांबलचक लिंक छोटी करून देणारी सेवा कशी उभारशील? मी फळ्यावर हिशेब मांडला. इंग्रजीतली लहान-मोठी 52 अक्षरं आणि 10 अंक, म्हणजे 62 चिन्हं. सात चिन्हांचा कोड घेतला तर साधारण साडेतीन लाख कोटी वेगवेगळ्या लिंक बनतात. समोरचे दोघं खूश दिसले.

शेवटी संस्थापकाशी गप्पा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान मुलगा. "मागच्या कामाबद्दल सांगा," म्हणाला. मी सुरू केलं, "आम्ही जुनी सिस्टिम नव्या डेटाबेसवर नेली, आम्ही तिचा वेग वाढवला…" त्यानं थांबवलं. "यात तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "टीमनं मिळूनच केलं." त्यानं तीनदा विचारलं, तीनदा मी तेच उत्तर दिलं. चार दिवसांनी नकार आला. तांत्रिक तयारी चांगली आहे, पण स्वतःचा वाटा स्पष्ट झाला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मला रागच आला. बाबांना म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना, उथळ पाण्याला खळखळाट फार! आता 'मी, मी' कसं करू?" बाबा निवृत्त गणित शिक्षक. ते म्हणाले, "बढाई नकोच मारूस. पण मुलानं नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत लिहिली नाही, तर मी पूर्ण मार्क द्यायचो का? कॉपी केली की स्वतः सोडवलं, हे मला कसं कळणार?"

त्या रात्री वही घेतली. पाच मोठी कामं लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन रकाने केले: टीमनं काय केलं, मी काय ठरवलं. दुसरा रकाना भरताना घाम फुटला. कारण 'आम्ही'च्या आड मी फक्त श्रेय लपवत नव्हते, चुकाही लपवत होते.

त्यातली एक चूक पुढच्या मुलाखतीत, दुसऱ्या एका स्टार्टअपमध्ये सांगितली. पैसे भरण्याच्या सेवेचं डिझाइन माझं होतं. नेटवर्क हळू झालं की ॲप तीच मागणी पुन्हा पाठवायचं आणि सर्व्हर ती नवी समजायचा. काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. प्रत्येक मागणीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो आधी येऊन गेला असेल तर पुन्हा पैसे कापायचे नाहीत, हे मी आधीच करायला हवं होतं. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. "ते मी नंतर केलं. त्याआधी रात्रभर बसून परताव्याची यादी केली," मी म्हटलं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच विषयावर बोललो. मुलाखत आहे हेच विसरले.

मग माझी पाळी आली. मीही त्यांना रीत विचारली. बँकेतले पैसे किती महिने पुरतील? महिन्याला खर्च किती? ईसॉपचे शेअर हातात कधी येणार? आपल्याकडे ईसॉप दिल्यापासून पहिला हिस्सा पक्का व्हायला कायद्यानं निदान एक वर्ष जावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी सगळे मिळायला चार वर्षं लागतात. शेअर घेताना बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगारासारखा करपात्र धरला जातो, तो शेअर विकलेला नसला तरी. म्हणून मी घरखर्च आणि हप्ते फक्त रोख पगारावर बसवून पाहिले. बसले, तेव्हाच होकार दिला.

आता अधूनमधून मीच मुलाखती घेते. आपल्याकडची हुशार मुलं समोर येतात आणि हळू आवाजात सांगतात, "आम्ही केलं." मी घाई करत नाही. पाणी पुढे करते आणि म्हणते, "उत्तर बरोबर आहे. आता रीत सांग."

तुमची मुलाखत जवळ आली असेल, तर आज रात्री वहीत दोन रकाने आखा. दुसरा भरताना अडलात, तर मला जरूर कळवा.