साखरेबरोबर चहापूड

टंचाईच्या दिवसांत एखादा वाणी ‘साखर हवी असेल, तर ही चहापूडही घ्यावी लागेल’ असे बजावतो, तेव्हा गृहिणीस संताप येतो. पण तोच वाणी चहापुडीचा पुडा फुकट देऊ लागला तर? रागावण्याचे कारण आम्हांस तरी चटकन सापडणार नाही. शेजारच्या चहावाल्याच्या दुकानास कुलूप लागल्यावरच कदाचित ते उमगेल.

अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट खटल्याचे मर्म नेमके हेच होते. घरगुती संगणक म्हटला की त्यावर ‘विंडोज’ असायचीच. तिच्या तोडीची दुसरी कार्यप्रणाली बाजारात जवळजवळ नव्हती. अशा काळात नेटस्केप कंपनीचा ब्राउझर लोकप्रिय होऊ लागताच मायक्रोसॉफ्टने आपला ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ फुकट दिला आणि तो विंडोजशी जखडून टाकला. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने व अनेक राज्यांनी दावा लावला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वर्षभराने अपील न्यायालयाने तो रद्द केला. मात्र कंपनीने आपली मक्तेदारी गैरमार्गाने टिकवली, हा ठपका कायम ठेवला.

त्या न्यायालयाचा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. दोन वस्तू एकत्र देणे हाच गुन्हा, असे त्याने मानले नाही. अशा प्रकरणी लाभ व हानी तोलून पाहावी, असे म्हटले. दोष ठरला तो निराळ्या गोष्टींत: ग्राहकास ब्राउझर काढून टाकता येऊ नये अशी योजना, आणि संगणक बनवणाऱ्यांचे हात बांधणारे करार.

आता कोणी म्हणेल, ‘सारे तयार मिळते, यात वाईट काय?’ आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही हातात येताच चालणारा फोनच सोयीचा वाटतो. ती सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु जेथे मूळ वस्तूला पर्यायच उरलेला नाही, तेथे तिच्या पाठीवर बसून आलेली दुसरी वस्तू गुणांवर जिंकत नाही, जागेवर जिंकते. उद्या अधिक चांगली वस्तू घडवू पाहणारा कारागीर मग त्या वाटेस जाईलच कशाला? फुकटाची किंमत पुढे अशी चुकवावी लागते.

उपायही वेळीच व्हावा लागतो. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि ‘मीडिया प्लेअर’ वगळून विंडोज विकण्यास सांगितले. ती आवृत्ती आली, पण त्याच किमतीत एक वस्तू कमी कोण घेणार? तिला गिऱ्हाईक जवळजवळ मिळालेच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोन बनवणाऱ्यांवर गूगलच्या ॲपांचा सगळा संच लादणे, हा त्यातील एक आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले.

आमचे मत इतकेच: वाण्याने पुडा खुशाल द्यावा, पण तो परत करण्याची मुभा असावी, आणि शेजारच्या दुकानाची वाट मोकळी असावी. वाचकांनीही नवा फोन घरी आला की त्यात न मागता काय काय आले आहे, हे एकदा पाहावे.